सात खुंट्या आणि एक फिरती खुर्ची

माणसाकडे एकदा नजर टाकून त्याला केवढा झगा लागेल हे सांगणारी बाई त्या सबंध शहरात एकच होती, आणि ती जुन्या मशिदीच्या पूर्व दरवाजात एका बुटक्या स्टुलावर बसत असे. सगळे तिला झगेवाली आपा म्हणत. खरं नाव कागदोपत्री असेलच, पण कागदोपत्री कोण हाक मारतं?

मशीद चारशे वर्षांची. बांधली तेव्हा म्हणे आजूबाजूला नुसतं माळरान होतं. आता तिच्या उजव्या अंगाला बँकेची बावीस मजली काचेची इमारत, डाव्या अंगाला मोबाइलचं दुकान आणि समोर सहा रस्ते एकमेकांच्या अंगावर धावून येतात असा चौक. बँकेच्या काचेत मशिदीचा घुमट दिसायचा, जरा वाकडा, दाढदुखी झालेल्या माणसाच्या गालासारखा. बघायला येणारे निम्मे लोक आधी त्या काचेतल्या घुमटाचाच फोटो काढत. मग मान वळवून खरा घुमट बघत आणि "अरेच्चा, हा तर इथेच आहे!" असा चेहरा करत.

आता शहर म्हटलं की लोक येणार कसेही. कोणी धावण्याचा व्यायाम अर्धवट सोडून, कोणी गुडघ्यावरच्या चड्डीत, कोणी बिनबाह्यांचं घालून. आत जायचं तर खांदे आणि पाय झाकलेले हवेत. अशांसाठी दरवाजात झगे ठेवलेले असत. आत जाताना अंगावर चढवायचा, बाहेर येताना परत द्यायचा. भिंतीत सात खुंट्या होत्या. पहिल्या खुंटीवर सगळ्यात आखूड झगे, सातवीवर सगळ्यात लांब. एका खुंटीहून दुसरी दोन इंचांनी मोठी. सगळे झगे आपाच्या हातचे, सुती, गर्द निळे, धुऊन धुऊन लोण्यासारखे मऊ झालेले.

आपाने बावीस वर्षांत कोणाला "तुमची उंची किती?" असं विचारलं नव्हतं. माणूस उंबऱ्यावर आला की ती त्याच्याकडे एकदा बघायची, हात मागे जायचा आणि बरोबर त्या खुंटीवरचा झगा काढायचा. झगा घोट्याच्या चार बोटं वर थांबायचा. ना कमी, ना जास्त.

हे इतकं अंगात भिनलं होतं, की आपा जगाची मोजदाद खुंट्यांतच करायची. लेकीला सांगून आलेल्या मुलाला बघून आली तेव्हा घरच्यांनी विचारलं, "कसा आहे मुलगा?" तर म्हणाली, "पाचवी खुंटी, जरासा पोक काढतो." मुलगा काय शिकला हे तिला साखरपुड्यानंतर कळलं. स्वतःचा नवरा लग्नात सहावी खुंटी होता, आता साडेपाचवर आला होता, असं ती चारचौघांत सांगायची.

"साडेपाच नावाची खुंटीच नाही," नवरा म्हणायचा.

"म्हणून तर तुम्हाला काही नीट बसत नाही."

नवरा म्हणजे मास्तर. शाळेचे नव्हे, शिंपीकामाचे. चाळीस वर्षं त्यांनी पुरुषांचे सूट शिवले. आता दुकान बंद केलं होतं, पण मापाची टेप गळ्यातून उतरली नव्हती. झोपतानासुद्धा ती उशाशी असे. मास्तरांचा टेपवर जितका विश्वास, तितका आपाचा डोळ्यावर, आणि या एका मुद्द्यावर दोघांचा संसार गेली छत्तीस वर्षं आनंदाने भांडत आला होता.

"नजर फसवते. टेप फसवत नाही," मास्तर म्हणायचे.

"मग तुमच्या टेपने शिवलेला तो वकिलाचा कोट? बाह्या गुडघ्यापर्यंत?"

"तो वकील माप देताना शिंकला होता!"

तर सांगायचं असं, की सगळं ठीक चाललं होतं आणि मग खुर्ची आली.

मशिदीच्या कमिटीत नवे सेक्रेटरी साहेब आले होते. माणूस वाईट नव्हता. फक्त त्यांना प्रत्येक गोष्ट आधुनिक करायची घाई झाली होती. त्यांनी नळ बदलले, पाट्या बदलल्या आणि एक दिवस आपाचा कोपराही बदलला. तिच्यासमोर काचेचं काउंटर आलं, मागे एक उंच, काळी, चकचकीत, गोल फिरणारी खुर्ची आली. खुर्चीच्या पाठीवर पितळी पट्टी: अमुक अमुक शेठजींकडून सप्रेम भेट. शेठजींचा खुर्च्यांचाच कारखाना होता.

"अशी खुर्ची बँकेत मॅनेजरला असते, आपा," साहेब म्हणाले.

आपा चढून बसली. पाय जमिनीला टेकेनात. एकदा गर्रकन फिरून भिंतीकडे तोंड झालं, पुन्हा फिरून जागेवर आली. "बरी आहे," ती म्हणाली. कोणी प्रेमाने दिलेल्या वस्तूला नावं ठेवणं तिच्या स्वभावात नव्हतं. जुनं स्टूल साहेबांच्या ऑफिसात गेलं. तिथे त्याच्यावर एक कुंडी विराजमान झाली.

आणि दुसऱ्याच सकाळी आपाची नजर चुकली.

पहिला आला तो एक दाढीवाला प्रवासी. आपाने बघितलं, हात मागे गेला, झगा दिला. त्याने घातला, तर खाली पोटऱ्या उघड्याच. त्यानंतरच्या बाईंचंही तेच. त्यानंतर एक जोडपं आलं, ते आत जाईपर्यंत झगे खाली ओढत ओढत बसल्यासारखं चालत होतं. दारात चपला-बूट सांभाळणारे मामू बसायचे, अगडबंब माणूस, त्यांना लोकांचे पायच आधी दिसायचे. ते हळूच म्हणाले, "आपा, आज बऱ्याच पोटऱ्या दिसतायत."

"कापड आटलं असेल."

"काल नव्हतं आटलं ते?"

आपाने खुंटीवरचा एक झगा काढून वितीने मोजला. लांबी होती तेवढीच होती. दुपार उलटली तशी चूक कमी झाली, आणि चारच्या सुमाराला एकेक झगा पुन्हा जिथल्या तिथे, घोट्याच्या चार बोटं वर. आपाने सुटकेचा निःश्वास सोडला. दुसऱ्या सकाळी पुन्हा पोटऱ्या.

चार दिवस हेच. सकाळी दोन खुंट्यांची चूक, जेवणाच्या वेळी एका खुंटीची, चार वाजता चूक गायब. सेक्रेटरी साहेबांकडे तक्रारवही होती. त्यांनीच ठेवली होती आणि तिच्यात कोणीतरी लिहावं म्हणून ते वाट बघत होते. आता तिच्यात सहा नोंदी झाल्या. एकाने तर लिहिलं होतं: "घुमट सुंदर आहे असं ऐकलं. मी झगा धरून चाललो होतो, त्यामुळे फरशी पाहिली. फरशी छान आहे."

ही नोंद साहेबांनी वाचून दाखवली तेव्हा आपाला खरंच लागलं. कारण तिचं सगळं शास्त्र एवढ्यावरच उभं होतं. झगा लांब झाला तर माणूस पाय अडकेल म्हणून खाली बघतो, आखूड झाला तर लाजेने खाली ओढत खाली बघतो. नेमका झाला तर त्याला झग्याची आठवणच राहत नाही आणि तो वर बघतो. घुमटाकडे. चारशे वर्षांपूर्वी कोणीतरी एवढ्या खटपटीने ते वर उभं केलं, ते लोकांनी फरशी बघावी म्हणून थोडंच?

डोळ्यांचे डॉक्टर झाले. आपाने समोरच्या तक्त्यावरची सगळ्यात बारीक ओळ वाचली, आणि तिच्याही खाली तक्ता छापणाऱ्या छापखान्याचं नाव वाचलं. डॉक्टर म्हणाले, "तुम्ही माझ्याकडे कशाला आलात? मला जरा माझा चष्मा शोधून द्या."

मास्तरांना आधी आनंदाच्या उकळ्या फुटल्या. छत्तीस वर्षांनी टेप जिंकत होती. पण आपाने त्या दिवशी जेवताना त्यांच्या वकिलाच्या कोटाचा विषयही काढला नाही, नुसती ताटात बोटं फिरवत बसली, तेव्हा त्यांचा आनंद ओसरला. भांडणारं माणूसच गप्प बसलं तर जिंकून करायचं काय? दुसऱ्या दिवसापासून ते टेप आणि छोटी वही घेऊन मशिदीच्या दारात येऊन बसले. प्रत्येक बाहेर येणाऱ्या माणसाला थांबवायचे.

"जरा उभे राहा. फक्त घोटा मोजतो."

"का?"

"आमचा घरगुती प्रश्न आहे."

लोक बिचारे उभे राहायचे. एका बाईंनी तर मास्तरांना मशिदीचे जुने कारागीर समजून त्यांच्याबरोबर फोटो काढला.

वहीतले आकडे बघून मास्तरांनी पहिला निष्कर्ष काढला. "अगं, तुझी नजर चहानंतर उघडते. चारला तू चहा पितेस, तेव्हापासून बरोबर."

मग आपाने सकाळी चार कप चहा प्यायला. नजरेत फरक पडला नाही. तिला सारखं उठून मात्र जावं लागलं, आणि तेवढ्या वेळात मामूंनी लोकांना मनाला येईल ते झगे वाटले. एक गृहस्थ पहिल्या खुंटीचा झगा घालून आत गेले, तो त्यांना सदऱ्यासारखा होत होता.

अखेर एका सोमवारी साहेब काउंटरशी आले. हातात प्लॅस्टिकचं पाकीट होतं. त्यातून त्यांनी एक पांढरट, चुरचुरणारा प्रकार बाहेर काढला.

"फ्री साइज," ते म्हणाले. "एकच माप, सगळ्यांना. एकदा वापरायचा आणि टाकून द्यायचा. ना धुणं, ना मोजणं."

"सगळ्यांना एकच?" आपा म्हणाली. "माणसं काय सगळी एकाच खुंटीची असतात, साहेब?"

"आपा, मी तुमच्यावर रागावलो नाही. वय सगळ्यांचं होतं. उद्या सकाळी नऊला खुर्चीवाले शेठजी येतायत, घरचे मिळून बारा जण. गाडीतून थेट सहलीचे कपडे घालून. त्यांच्यापैकी एकाचाही झगा आखूड निघाला, तर परवापासून हे सुरू." त्यांनी पाकिटावर टिचकी मारली. "आणि तुमचे झगे... कापड चांगलं आहे. पुसायला होतील."

साहेब गेले. आपा सात खुंट्यांकडे बघत बसली. तिच्या हातचे झगे फरशी पुसणार! पंधरा वर्षांपूर्वीचा तिसऱ्या खुंटीचा तो एक झगा, ज्याच्या खांद्याला तिने मुंगीएवढ्या टाक्यांनी रफू केलं होतं, तो कोणीतरी बादलीत बुडवून पिळणार!

चार वाजले. मास्तर समोरच्या टपरीवरून चहा घेऊन आले आणि काउंटरवरून कप तिच्या हातात द्यायला लागले. हात पुढे केला आणि तिथेच थांबले. कप हातात तसाच.

"सोडा की कप," आपा म्हणाली.

"थांब. सकाळी मी तुला डबा दिला तेव्हा हात वर केला होता."

"मग?"

"आता खाली केला."

"मग?"

"मग माझी उंची सकाळपासून वाढली का?"

आपाने नवऱ्याकडे बघितलं. "साडेपाचच आहात."

मास्तरांनी कप काउंटरवर ठेवला, टेप काढली आणि सरळ गुडघ्यांवर बसून खुर्चीखाली शिरले. मामू धावत आले, त्यांना वाटलं म्हातारा पडला. आतून आवाज आला, "अठरा इंच!" मग मास्तर उठले, तसेच धुळीने भरलेले सेक्रेटरींच्या ऑफिसात गेले, कुंडी उचलून खाली ठेवली, स्टूल मोजलं, कुंडी परत ठेवली आणि परत आले. "तेही अठरा! मामू, सकाळी ही खुर्ची केवढी असते?"

"मी रोज झाडताना हिला दांडा दाबून पार वर घेतो," मामू म्हणाले, "खालचा केर निघत नाही नाहीतर. सकाळी माझ्या कमरेएवढी असते. दिवसभर आपा बसली की ती बसते."

"बसते म्हणजे?"

"बसते म्हणजे, खाली. हळूहळू. मला वाटलं नवीन खुर्च्या अशाच असतात. आधुनिक."

मास्तरांनी कपाळावर हात मारला, पण चेहरा मात्र असा उजळला होता, की जणू वकिलाचा कोट एकाएकी अंगाबरोबर बसला. "अगं, तुझी नजर चुकत नाही! बावीस वर्षं तू लोकांकडे त्या स्टुलावरून, खालून बघत आलीस. खालून माणूस मोठा दिसतो. तू मनातल्या मनात तेवढं वजा करतेस, तुलाही न कळता. सकाळी तू उंचावर असतेस. तिथून माणूस मोठा दिसतच नाही, तरी तू सवयीने वजा करतेस. झाला झगा आखूड! आणि चारला खुर्ची अठरा इंचांवर येते, की तू पुन्हा तुझ्या जागी!"

आपाने खुर्चीला एकदा वरपासून खालपर्यंत बघितलं. मग म्हणाली, "म्हणजे माझे डोळे ठीक आहेत."

"तुझे डोळे टेपपेक्षा ठीक आहेत," असं मास्तर बोलून गेले आणि लगेच त्यांनी इकडेतिकडे बघितलं. पण उशीर झाला होता. मामूंनी ऐकलं होतं.

प्रश्न एवढाच होता, की उद्या सकाळी काय. स्टूल आणून बसावं, तर खुर्चीचे दाते स्वतः येणार. त्यांच्या समोर त्यांची भेट बाजूला सारणं बरं दिसत नाही. "खुर्चीवरच बसायचं," आपा ठामपणे म्हणाली. "सकाळी लवकर येऊ, दांडा दाबून खाली घेऊ, झालं."

हे सगळं बोलणं झालं तेव्हा मामू जरा जास्तच वेळ मिशी ओढत होते. पण ते कोणाच्या लक्षात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी साडेसातलाच आपा आणि मास्तर दारात हजर. खुर्ची काउंटरमागे ताठ उभी, पार वर. मामू शेजारी, मान खाली. त्यांच्या हातात एक काळा दांडा होता.

"काल तुम्ही गेल्यावर हाताला सवय म्हणून वर घेतली," ते म्हणाले. "दोन दिवस ढिला होताच, आणि हा निघून आला."

"मामू!"

"मी रात्रभर... म्हणजे झोप लागली, पण वाईट लागली."

मास्तरांनी टेप लावली. अठ्ठावीस इंच. दहा इंच खाली यायला हवे होते आणि दांडा मामूंच्या मुठीत होता. रोज आपाच्या वजनाने हे काम करायला खुर्चीला सकाळ-दुपार लागायची. आज हातात दीड तास होता.

आपाने मामूंना खालपासून वरपर्यंत बघितलं. या खेपेला उंचीसाठी नव्हे.

"बसा," ती म्हणाली.

मामू बसले. खुर्चीने एक लांब सुस्कारा टाकला. मास्तर गुडघ्यांवर. "सव्वीस! सव्वीस झाले!" मग तिथेच अडलं. दहा मिनिटं मामू आदबशीर बसून राहिले, खुर्ची ढिम्म. आपाने पिण्याच्या पाण्याचा वीस लिटरचा जार त्यांच्या मांडीवर आणून ठेवला. "पंचवीस!" मास्तर ओरडले. चौकातला हवालदार रोज सकाळी चपला काढून हौदावर तोंड धुवायला यायचा. तो पाणी पुसत पुसत काउंटरशी थबकला.

"हे काय चाललंय?"

"खुर्ची बसवतोय," आपा म्हणाली. "दादा, जरा मामूंच्या खांद्यावर जोर द्या."

"मी ड्यूटीवर आहे."

"मग ड्यूटीवरचा जोर द्या, तो जास्त असतो."

हवालदाराने शिट्टी खिशात टाकली, बाह्या सरसावल्या आणि मामूंचे दोन्ही खांदे दाबायला सुरुवात केली. मामू म्हणाले, "अरे, हळू! मी बसतोय, खुर्ची नाही!" जार डचमळत होता, मास्तर खालून आकडे पुकारत होते. "साडेचोवीस! तेवीस! धरून ठेवा! हवालदार, डावीकडे!" बाहेर बँकेत कामाला जाणारे चार लोक थांबून दारातून बघत होते. त्यातल्या एकाने विचारलं, "हे आत बघायला काही वेळ ठरलेली आहे का?"

एकवीसला मामूंच्या मांड्यांना मुंग्या आल्या. वीसला जारचं झाकण उडालं आणि मामू कमरेपासून खाली भिजले. पावणेनऊला चौकातून मोठ्या गाडीचा हॉर्न ऐकू आला.

"एकोणीस!" मास्तर म्हणाले. "अजून एक इंच हवा! मामू, श्वास घ्या, वजन वाढेल!"

"उठा आता सगळे," आपा म्हणाली. ती पदर खोचून खुर्चीवर चढून बसली. "तो एक इंच मी मनात धरते."

मास्तरांनी टेप छातीशी धरली. "मनात? इंच? मनात?"

"छत्तीस वर्षं तुम्हाला मनात धरलंय, एक इंच जड नाही. सरका, ते आले."

आले ते खरोखरच बारा जण, आणि सहलीच्या कपड्यांत. शेठजी गुटगुटीत, फुलाफुलांची चड्डी घातलेले. शेठाणी उंच, गंभीर. मग मुलगे, सुना, एक आत्या, दोन आत्येबहिणी आणि शेवटी एक भाचा, जो दारातून वाकून आत आला आणि आल्यावरही बराच वेळ येतच राहिला. सेक्रेटरी साहेब हात चोळत मागे उभे. एका हातात ते पाकीट.

आपाने पहिल्याकडे बघितलं. मनात अठरा, अधिक एक. हात मागे गेला. तिसरी खुंटी. शेठजींनी झगा घातला, तो घोट्याच्या चार बोटं वर येऊन थांबला. मास्तर खांबाआडून डोळ्यांनी मोजत होते, त्यांचे ओठ हलत होते. शेठाणी, सहावी. आत्या, दुसरी. आत्याबाईंनी टाचा उंचावून फसवायचा प्रयत्न केला. "टाचा खाली, आत्या," आपा म्हणाली, आणि त्या शाळेतल्यासारख्या खाली झाल्या. एक एक करत अकरा जण निळे झाले. अकराही जण जिथल्या तिथे.

मग भाचा. आपाने वर बघितलं, अजून वर बघितलं. हात सातव्या खुंटीकडे जाणार, तेवढ्यात साहेब पुढे सरसावले. "यांना आमचं नवीन देऊ या! फ्री साइज! तुलना होईल, शेठजी."

भाच्याने घातलं. रुंदीला त्याच्यासारखे तिघे मावले असते, लांबीला मात्र ते गुडघ्यावरच संपलं. तरी साहेब म्हणाले, "आधुनिक दिसतं." आणि सगळे आत गेले.

त्या घुमटाची एक खोड होती. आतल्या मोठ्या दालनात बरोबर मध्यभागी उभं राहून टाळी वाजवली, तर ती सात वेळा ऐकू येते. माहिती सांगणारा प्रत्येक माणूस आल्या आल्या तेवढंच करून दाखवायचा. एरवी आत शांत. सकाळच्या त्या वेळेला दोन म्हातारे कोपऱ्यात बसलेले, जाळीतून उन्हाचे चौकोन फरशीवर पडलेले, सहा रस्त्यांचा आवाज बाहेरच राहिलेला. अकरा निळे झगे मध्यभागी गेले, एकाचाही आवाज झाला नाही. मग भाचा निघाला.

चुर्र.

घुमटाने ते ऐकलं आणि सात वेळा परत दिलं. भाचा दचकून थांबला. त्याने पाय मागे घेतला. चुर्र चुर्र. आता चौदा. बाहेर काउंटरशी बसलेल्या आपाला वाटलं, आत कोणीतरी मोठ्या कढईत काहीतरी तळायला घेतलंय. भाचा घाबरून भिंतीकडे पळाला, त्याबरोबर सगळ्या दालनात जणू हजार माणसं एकाच वेळी वेष्टनं उघडू लागली. कोपऱ्यातला एक म्हातारा, ज्याला तीस वर्षं कमी ऐकू येत होतं, तो मान उचलून म्हणाला, "पाऊस आला का?"

साहेब दोन्ही हात पसरून भाच्याच्या मागे. "हलू नका! श्वासही घेऊ नका! जागेवर उभे राहा!"

आणि तो उभा राहिला. बाकीचे अकरा जण दालन बघून बाहेर येईपर्यंत तो खांबाला टेकून, डोळेसुद्धा न हलवता, पुतळ्यासारखा. दोन प्रवाशांनी त्याचे फोटो काढले.

शेठाणी सगळ्यांत आधी बाहेर आल्या. झगा उतरवून घडी घालून त्यांनी तो स्वतः काउंटरवर ठेवला. "किती मऊ आहे हो," त्या म्हणाल्या. "मी आत असताना हा अंगावर आहे हेच विसरले. मान दुखली वर बघून बघून. चारशे वर्षांपूर्वी एवढं वर कोण चढलं असेल?"

आपाच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने ते खुंट्यांकडे तोंड करून परतवलं. खुर्ची फिरती होती, त्याचा तेवढा उपयोग झाला.

मागोमाग शेठजी आले. "आणि आमची खुर्ची? कशी आहे? उठा, उठा, आपा, मीही बघतो." आपा उतरली. शेठजी मोठ्या थाटात चढून बसले आणि सगळ्या घराण्याकडे बघून म्हणाले, "आमच्या खुर्चीची गंमत काय, तर एकदा माणूस बसला की..."

खुर्चीने सुस्कारा टाकला.

"...त्याला कधीही..."

शेठजींची हनुवटी काउंटरला टेकली.

"...खाली बघावं लागत नाही," काचेमागून शेठजी म्हणाले. आता ते मत्स्यालयातल्या एखाद्या मोठ्या माशासारखे दिसत होते. कोणी हसलं नाही. आत्याबाई तेवढ्या चौकातल्या रहदारीकडे बघायला लागल्या आणि त्यांचे खांदे गदगदा हलत होते.

मास्तर पुढे झाले. त्यांनी अदबीने हात देऊन शेठजींना बाहेर काढलं आणि पुटपुटले, "पंधरा इंच."

शेठजी कपडे झटकत साहेबांना म्हणाले, "दांड्याचं बघायला मी माणूस पाठवतो. आणि ते चुरचुरणारं मशिदीच्या आसपासही नको. माझा भाचा अजून आत उभा आहे. त्याला हा निळा द्या आणि बाहेर आणा. सातवी खुंटी ना, आपा?"

"सातवी," आपा म्हणाली. "आणि खाली दोन बोटं मी उसवून देते. वाढतं वय आहे."

"तो एकतीसचा आहे."

"तरी."

साहेबांनी पाकिटं कुठे ठेवली ते कोणी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी कारागीर आला, त्याने नवा दांडा बसवला आणि "बाकी खुर्चीत काही बिघाड नाही" असा दाखला देऊन निघून गेला. शेठजींची भेट कुठेतरी मानाच्या जागी हवी म्हणून ती सेक्रेटरी साहेबांच्या ऑफिसात गेली आणि कुंडीखालचं बुटकं स्टूल पूर्व दरवाजात परत आलं. काचेचं काउंटर तसंच राहिलं. त्यातून लोकांचे घोटे छान दिसतात, असं आपाचं मत पडलं.

मास्तर अजूनही टेप घेऊन येतात. अधूनमधून कोणाचा तरी घोटा मोजतात, वहीत लिहितात आणि बायकोला दाखवत नाहीत. ती विचारतही नाही. ते मामूंसमोर काय बोलून गेले, एवढं तिला पुरेसं आहे, आणि मामू ते दर दोन दिवसांनी नव्या माणसाला सांगतात.

दरवाजातून समोर साहेबांच्या ऑफिसची खिडकी दिसते. मामू रोज झाडताना सवयीने खुर्ची पार वर घेऊन ठेवतात. सकाळी साहेब टेबलामागे छातीपर्यंत दिसतात, मोठे रुबाबदार, फोनवर बोलत. जेवणाच्या वेळी खांदे दिसतात. दुपार कलली की मान. आपाला ते सांगायचं होतं, अगदी खरंच, पहिल्याच आठवड्यात सांगणार होती. पण दरवाजावरचं घड्याळ बंद पडलं होतं आणि कमिटीला अजून ते दुरुस्त करायला सवड झालेली नव्हती.

"अहो, चहा आणा," ती मास्तरांना सांगते, समोरून येणाऱ्या बाईंसाठी चौथ्या खुंटीकडे हात नेत. "साहेबांची हनुवटी टेबलाला टेकली. चार वाजले."